काल चालणारा डीएनएस आज का चालत नाही: दोन व्हीएमच्या लॅबमधली नेहमीची दुखणी

तक्रार ठरलेली असते. दोन व्हीएम (एकाच कॉम्प्युटरच्या पोटात चालणारी आभासी मशीन) घेतल्या, एकीवर बाइंड, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर, बसवलं, झोन फाइल (नावं आणि पत्त्यांची यादी) लिहिली, दुसरीला प्रश्न विचारणारा क्लायंट केलं. नाव रिझॉल्व्ह झालं, म्हणजे त्याचा पत्ता मिळाला, स्क्रीनशॉट काढून जर्नलमध्ये चिकटवला. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केल्या तर तेच नाव ‘एनएक्सडोमेन’, म्हणजे असं नावच नाही. मग पुन्हा झोन फाइल उघडली जाते, एखादी ओळ पुसून परत लिहिली जाते, सिरियल नंबर (फाइलची आवृत्ती सांगणारा आकडा) वाढवला जातो, सर्व्हिस रीस्टार्ट होते. कधी कधी तेवढ्यात चालूही होतं, आणि झोन फाइलच बिघडली होती असा समज पक्का होतो.

झोन फाइल रात्रीतून बिघडत नाही. रात्रीतून, म्हणजे रीबूटमध्ये, बदलतं ते क्लायंट प्रश्न कुणाला विचारतो ते. म्हणून शोध तिथूनच सुरू करायचा.

उदाहरणासाठी आपल्याकडची जुनीच सवय: मशीनला किल्ल्यांची नावं. सर्व्हर राजगड, क्लायंट तोरणा, झोन गड.टेस्ट. दोन्हीवर रॉकी लिनक्स ९, खाली व्हीएम चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स. उबुंटूत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो. कमांड आणि फाइलींची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत.

कॉलेजच्या मॅन्युअलमध्ये अजून सेंटओएस ७ असेल तर एक इशारा. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं ते सांगणाऱ्या मिररलिस्टचा जुना पत्ताही बंद झाला. त्यामुळे सॉफ्टवेअर बसवणारी यम कमांड चालवली की ‘होस्ट रिझॉल्व्ह होत नाही’ अशी एरर येते. वाचणाऱ्याला वाटतं आपला डीएनएस गेला. तो ठीक असतो, त्या नावाचं मशीनच आता नाही. तिथे वेळ घालवू नका, रॉकी किंवा अल्मा घ्या.

आधी जाळं बघा

दोन्ही व्हीएमवर ‘आयपी ए’ मारलं आणि दोन्हीकडे १०.०.२.१५ दिसला, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅट मोडमध्ये प्रत्येक व्हीएम आपापल्या वेगळ्या खोलीत असते. प्रत्येकीला तोच १०.०.२.१५, तोच गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२ आणि बहुधा तोच डीएनएस १०.०.२.३ मिळतो. त्या एकमेकींना दिसतच नाहीत. क्लायंटमध्ये सर्व्हर म्हणून १०.०.२.१५ टाकला तर क्लायंट स्वतःलाच विचारत बसतो.

उपाय म्हणजे दुसरं नेटवर्क कार्ड, होस्ट-ओन्लीचं, म्हणजे व्हीएम आणि त्यांना पोटात घेणारा कॉम्प्युटर (होस्ट) एवढ्यांचंच जाळं. पहिलं नॅट कार्ड इंटरनेटसाठी ठेवायचं. आतून त्याचं नाव बहुधा ईएनपी०एस३ दिसतं. दुसरं ईएनपी०एस८. होस्ट-ओन्लीचा पट्टा मुळात १९२.१६८.५६.० चा. त्यात होस्ट स्वतः .१ वर, व्हर्च्युअलबॉक्सचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारा) .१०० वर, आणि तो .१०१ पासून पुढचे पत्ते वाटतो. राजगडला यातला वाटलेला पत्ता घेऊ नका. आज .१०१ असलेला सर्व्हर उद्या .१०२ होईल आणि क्लायंट जुन्याच दारावर टकटक करत राहील. राजगडला हाताने १९२.१६८.५६.१० द्या, तोरणाला .२०. या कार्डावर गेटवेचा रकाना रिकामा ठेवा. पुष्कळ जण तिथे सवयीने .१ भरतात, मग मशीनमध्ये दोन डिफॉल्ट रूट (बाहेर जायच्या वाटा) होतात आणि इंटरनेट कधी असतं, कधी नसतं.

व्हीएमवेअर किंवा केव्हीएम वापरत असाल तर आकडे बदलतील, गोष्ट तीच. केव्हीएमच्या डिफॉल्ट जाळ्यात १९२.१६८.१२२.१ वर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर आधीच बसलेला असतो आणि तो उत्तरंही देतो, एवढं ध्यानात असू द्या.

एकच प्रश्न दोनदा विचारा

तोरणावर या दोन कमांड द्या. डिग म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड.

डिग राजगड.गड.टेस्ट

डिग @१९२.१६८.५६.१० राजगड.गड.टेस्ट

पहिलीत क्लायंट आपल्या मनाने कुणाला तरी विचारतो. दुसरीत कुणाला विचारायचं ते आपण सांगतो. दुसरी चालली आणि पहिली नाही, तर सर्व्हर निर्दोष आहे. त्याला हात लावायचा नाही, झोन फाइल उघडायची नाही. दोन्ही फसल्या तर राजगडकडे जायचं. दोन्ही चालल्या आणि तरी पिंग किंवा ब्राउझर म्हणतो नाव सापडत नाही, तर तो तिसराच प्रकार. त्याच्याकडे नंतर येऊ.

डिगच्या उत्तरात अगदी खाली ‘सर्व्हर’ अशी एक ओळ असते. लोक वरचा स्टेटस बघतात आणि ती सोडून देतात. पहिल्या कमांडच्या उत्तरात तिथे १०.०.२.३ लिहिलेलं असेल तर निदान झालं: तोरणाने राजगडला विचारलंच नाही, नॅट कार्डाच्या डीएनएसला विचारलं. तो बाहेर इंटरनेटवर चौकशी करून आला, आणि टेस्ट या शेपटाचं काहीच बाहेर अस्तित्वात नसल्यामुळे ‘असं नाव नाही’ हे प्रामाणिक उत्तर घेऊन आला.

क्लायंट: रीबूटनंतर पत्ता बदलतो तो इथे

कुठल्या डीएनएसला विचारायचं ते रॉकीवर इटीसीमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये असतं. ती उघडली की पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, ‘जनरेटेड बाय नेटवर्कमॅनेजर’. ही फाइल नेटवर्कमॅनेजरची, म्हणजे जाळ्याची कनेक्शन सांभाळणाऱ्या सर्व्हिसची. त्यात हाताने नेमसर्व्हर १९२.१६८.५६.१० लिहिलं तर लगेच चालतं, म्हणूनच अनेक मॅन्युअलमध्ये ती पायरी असते. पण कनेक्शन खाली-वर झालं किंवा मशीन रीबूट झालं की नेटवर्कमॅनेजर ती नव्याने लिहितो. नॅट कार्डाला डीएचसीपीकडून १०.०.२.३ मिळालेला असतो, तो पुन्हा यादीत येतो, आणि तुम्ही लिहिलेली ओळ जाते. ‘काल चालत होतं’ यामागे सर्वांत जास्त वेळा हेच निघतं.

बदल करायचा तो कनेक्शनमध्ये, नेटवर्कमॅनेजरच्या एनएमसीएलआय कमांडने. दोन ओळी पुरतात.

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ईएनपी०एस३ आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ईएनपी०एस८ आयपीव्ही४.डीएनएस १९२.१६८.५६.१० आयपीव्ही४.डीएनएस-सर्च गड.टेस्ट

मग दोन्ही कनेक्शन ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ने पुन्हा वर आणा. मॉडिफाय केल्याने फक्त नोंद होते, लागू होत नाही. ही पायरी राहिली की लोक म्हणतात कमांडचा उपयोग झाला नाही. पहिली कमांड जास्त महत्त्वाची आहे. नुसता आपला सर्व्हर जोडला आणि नॅटचा काढला नाही, तर यादीत दोघेही राहतात आणि डिफॉल्ट रूटवाल्या कार्डाचा, म्हणजे नॅटचा, वर जाऊन बसतो.

वर बसला तर काय बिघडलं, खाली आपला आहेच की? या समजुतीने जेवढा वेळ खाल्लाय तेवढा कुठल्याच चुकीच्या कॉन्फिगरेशनने खाल्ला नसेल. दुसरा नेमसर्व्हर हा पहिल्याला माहीत नसलं तर विचारायचा माणूस नाही. पहिला गप्प असेल किंवा ‘मला जमत नाही’ म्हणत असेल, तरच दुसऱ्याची पाळी येते. ‘एनएक्सडोमेन’ हे उत्तर आहे. ते मिळालं की क्लायंट समाधानाने थांबतो. म्हणून आपला सर्व्हर पहिला आणि ८.८.८.८ दुसरा ही लाडकी जोडीही लॅबमध्ये नको. राजगड बूट व्हायला वेळ लागला, त्याने पहिल्या पाच सेकंदांत उत्तर दिलं नाही, की तोरणा ८.८.८.८ कडे जातो आणि तिथून गड.टेस्ट अस्तित्वात नसल्याचं कळतं. ‘कधी चालतं कधी नाही’ अशी तक्रार आली की मी आधी दुसरा डीएनएस काय दिलाय ते विचारतो. विंडोज क्लायंटमधल्या ‘अल्टरनेट डीएनएस’च्या रकान्यालाही हेच लागू. तो रिकामा ठेवा.

मग तोरणाला इंटरनेटवरची नावं कोण सांगणार? राजगडच. बाहेरच्या नावांसाठी राजगडच्या ऑप्शन्समध्ये फॉरवर्डर्स (प्रश्न ज्यांच्याकडे पुढे पाठवायचे ते सर्व्हर) द्या, किंवा फॉरवर्डर न देता त्याला डीएनएसच्या रूट सर्व्हरपासून स्वतः शोधू द्या. नॅट कार्ड त्याच्याकडेही आहे.

उबुंटूत चित्र थोडं वेगळं. तिथे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही खरी फाइल नसून सिस्टमडी-रिझॉल्व्हड या नावं शोधणाऱ्या सर्व्हिसकडे जाणारी लिंक असते आणि तिच्यात नेमसर्व्हर १२७.०.०.५३ दिसतो. डिगच्या खालच्या ओळीतही कायम तोच दिसणार, त्यामुळे वर सांगितलेली खूण इथे आंधळी होते. इथे ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ बघा. कोणत्या कार्डाला कोणता डीएनएस लागलाय ते कार्डागणिक सांगतं. ‘रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी’ दिलं तर उत्तर कोणत्या कार्डावरून आलं तेही दिसतं. रिझॉल्व्हड प्रत्येक कार्डाची यादी वेगळी ठेवतो, आणि नाव कोणत्याच कार्डाच्या डोमेनशी जुळत नसेल तर दोन्हीकडे विचारून जिकडून यश येईल ते उत्तर देतो. त्यामुळे ईएनपी०एस८ ला राजगड दिला की उबुंटूवर पुष्कळदा आपोआप जमतं, आणि तेच जसंच्या तसं रॉकीवर केल्यावर जमत नाही. एकाच कार्डावर दोन सर्व्हर दिले तर मात्र इथेही तोच घोळ, उलट जास्त चिवट. रिझॉल्व्हड एकदा दुसऱ्यावर सरकला की तो अडेपर्यंत पहिल्याकडे परत येत नाही.

कायमचा बदल नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या जाळ्याच्या सेटिंगमध्ये: ईएनपी०एस३ खाली डीएचसीपी४-ओव्हरराइड्समध्ये यूज-डीएनएस फॉल्स, आणि ईएनपी०एस८ खाली नेमसर्व्हर्समध्ये राजगडचा पत्ता व सर्चमध्ये गड.टेस्ट. मग नेटप्लॅन अप्लाय. व्हीएम क्लाउड इमेजवरून बनवली असेल तर ज्या फाइलच्या नावात क्लाउड-इनिट आहे तिच्यात लिहू नका. इथले बदल टिकणार नाहीत असं त्या फाइलच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं. क्लाउड-इनिटची नेटवर्कमधली लुडबुड बंद करा आणि आपली वेगळी वायएएमएल फाइल ठेवा.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फवर ‘चॅट्टर प्लस आय’ लावून ती गोठवायचा सल्ला नेटवर सगळीकडे सापडतो. चालतो, नाही म्हणत नाही. पण महिन्याने तुम्हीच पत्ता बदलायला जाता, रूट असूनही फाइल सेव्ह होत नाही, आणि का ते आठवत नाही. ज्याने फाइल लिहायची त्यालाच सांगा, फाइलशी भांडू नका.

डिग चालतं, पिंग चालत नाही

हा तो तिसरा प्रकार. डिग आणि एनएसलुकअप थेट डीएनएसशी बोलतात. पिंग, एसएसएच, ब्राउझर हे सिस्टमला विचारतात, आणि सिस्टम इटीसीमधल्या एनएसस्विच डॉट कॉन्फमध्ये ‘होस्ट्स’ या ओळीत काय क्रम दिलाय ते पाहते. आधी फाइल्स, म्हणजे होस्ट्स फाइल, डीएनएस नंतर. होस्ट्समध्ये कधीकाळी राजगडचा जुना पत्ता लिहून ठेवला असेल तर डिग नवा पत्ता सांगेल आणि पिंग जुन्यावर जाईल. सिस्टमला काय वाटतं हे बघायचं असेल तर ‘गेटएंट होस्ट्स राजगड.गड.टेस्ट’. ही कमांड पिंगच्याच वाटेने जाते.

पण या प्रकाराचा खरा खलनायक लोकल हे शेपूट. किती मॅन्युअलमध्ये डोमेन म्हणून कॉलेज.लोकल, लॅब.लोकल दिलेलं असतं! लोकल हे २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट नियमाने मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे आसपासच्या सगळ्या मशीनना एकदम विचारण्यासाठी, राखून ठेवलं आहे. उबुंटू डेस्कटॉपवर त्या होस्ट्स ओळीत डीएनएसच्या आधी एमडीएनएस४-मिनिमल असतं आणि त्यापुढे चौकटी कंसात ‘नॉटफाउंड इक्वल्स रिटर्न’. अर्थ असा की लोकलने संपणारं नाव आलं तर आसपासच्या मशीनना हाक मारून विचार, कुणी ओ दिली नाही तर तिथूनच परत फीर. प्रश्न पुष्कळदा डीएनएसपर्यंत पोचतच नाही. डिग मात्र त्या ओळीकडे बघतच नाही, म्हणून ते खुशाल उत्तर आणतं. ती ओळ खोडून काम भागतं, पण प्रत्येक क्लायंटवर खोडत बसावी लागते. त्यापेक्षा झोनचं नाव बदला. टेस्ट हे शेपूट १९९९ पासून चाचण्यांसाठीच राखीव आहे, घरगुती जाळ्यासाठी होम.आर्पा आहे, आणि २०२४ मध्ये इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने इंटर्नल हेही खासगी वापरासाठी बाजूला काढलं. तिन्हींपैकी काहीही घ्या.

नुसतं ‘पिंग राजगड’ चालत नाही आणि पूर्ण नाव चालतं, तर सर्च डोमेन, म्हणजे अर्धवट नावाला आपोआप जोडायचं शेपूट, राहिलंय. वरच्या एनएमसीएलआयमधला डीएनएस-सर्च त्यासाठीच होता. डिग डिफॉल्टने सर्च डोमेन लावत नाही, त्यामुळे नुसत्या ‘डिग राजगड’ला उत्तर नाही आलं तर तो बिघाड समजू नका.

सर्व्हर: एररमध्ये काय लिहिलंय ते अक्षरशः वाचा

@ देऊनही उत्तर येत नसेल तर आता राजगड. इथे एररच्या शब्दांत फरक असतो आणि त्यातूनच वाट सापडते.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘स्टेटस: रिफ्यूज्ड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात त्या पत्त्यावर ५३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे डीएनएसच्या दारावर, कुणी बसलेलंच नाही. रॉकीवर बाइंड बसवल्यावर त्याच्या नेमड डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिसन-ऑन (कोणत्या पत्त्यावर ऐकायचं) फक्त १२७.०.०.१, म्हणजे मशीन स्वतः, एवढाच असतो, म्हणून राजगडवर बसून डिग केलं तर चालतं आणि तोरणावरून नाही. त्यात १९२.१६८.५६.१० जोडा. राजगडवर ‘एसएस -एलयूएनपी’ मारून ५३ शेजारी कोणते पत्ते दिसतात ते बघा, तिथे .१० दिसला पाहिजे. दुसऱ्यात बाइंड जागा आहे, प्रश्न ऐकला आणि नाही म्हणाला. त्याचं कारण अलाउ-क्वेरी (कुणाला उत्तर द्यायचं), जे रॉकीवर फक्त लोकलहोस्ट असतं. त्यात १९२.१६८.५६.०/२४ लिहा. दोन्हीकडे ‘एनी’ टाकून मोकळं होता येतं आणि होस्ट-ओन्लीत त्याने फारसं बिघडत नाही. पण तीच फाइल पुढे उघड्या सर्व्हरवर कॉपी होते, आणि मग तो जगाची कामं करत बसतो.

‘होस्ट अनरीचेबल’ आलं आणि त्याच वेळी त्याच पत्त्याला पिंग मात्र जातोय? हे फायरवॉलडीचं, म्हणजे रॉकीच्या फायरवॉलचं काम. तो पॅकेट गिळत नाही, ‘परवानगी नाही’ असं उलट कळवतो आणि डिग त्याचं भाषांतर अनरीचेबल असं करतं. फायरवॉल-सीएमडीने डीएनएस सर्व्हिस जोडा, पर्मनंट लावून, आणि मग रीलोड. पर्मनंट न लावता जोडली तर आज चालेल, रीबूटनंतर जाईल. उद्या बंद पडण्याच्या कारणांत याचा नंबर दुसरा.

नुसता ‘टाइम्ड आउट’ आला तर पत्ता चुकला असेल, व्हीएम बंद असेल, किंवा मध्ये एखादी फायरवॉल गप्प गिळत असेल.

‘सर्व्हफेल’ (सर्व्हरला उत्तर देता आलं नाही) येत असेल आणि तेही आपल्याच झोनमधल्या नावाला, तर बाइंडला झोन माहीत आहे पण तो लोड झालेला नाही. हीच एक वेळ झोन फाइल उघडायची. त्याआधी नेमड-चेकझोनला झोनचं नाव आणि फाइल द्या. बहुतेकदा ते म्हणतं की राजगड.गड.टेस्ट.गड.टेस्टला पत्ता नाही. नाव दुप्पट का झालं? एनएसच्या, म्हणजे झोनचा सर्व्हर कोण ते सांगणाऱ्या, ओळीत शेवटचा टिंब राहिला. टिंब नसलेल्या प्रत्येक नावाला बाइंड झोनचं नाव शेपटासारखं जोडतो. एनएसच्या बाबतीत तो निदान भांडतो आणि झोन लोड करत नाही. डाव्या रकान्यात तोरणा.गड.टेस्ट टिंबाशिवाय लिहिलंत तर तक्रारही करत नाही. झोन लोड होतो, सिरियल बरोबर, लॉग स्वच्छ, आणि तोरणा.गड.टेस्ट विचारलं की एनएक्सडोमेन. अशा वेळी गंमत म्हणून तोरणा.गड.टेस्ट.गड.टेस्ट विचारून बघा, उत्तर येईल. डोळ्यांनी टिंब शोधण्यापेक्षा चेकझोनला ‘-डी’ द्या, तोही कॅपिटल. बाइंडने फाइल कशी वाचली ते पूर्ण नावांसकट समोर येतं आणि दुप्पट झालेलं नाव लगेच नजरेत भरतं.

आता एक खोडी. चेकझोन ‘ओके’ म्हणतं, तरी सर्व्हफेल. ‘जर्नलसीटीएल -यू नेमड’मध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसेल. चेकझोन तुम्ही रूट म्हणून चालवलंत, सर्व्हिस नेमड या युजरने चालते. फाइलचा ग्रुप नेमड आहे का बघा. तोही ठीक असेल तर ‘एलएस -झेड’ मारा, झेड कॅपिटल. फाइल होममध्ये लिहून एमव्हीने वार-नेमडमध्ये आणली असेल तर तिच्यावर अजून होमचं एसईलिनक्स (लिनक्सचा जादा सुरक्षा पहारा) लेबल आहे; एमव्ही (हलवणं) लेबल सोबत घेऊन येतं, सीपी (कॉपी) सहसा नव्या जागेचं लावतं. ‘रीस्टोरकॉन -व्ही’ आणि फाइलचं नाव, काम झालं. यासाठी एसईलिनक्स बंद करायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका.

एनएक्सडोमेन @ देऊनही येत असेल तर उत्तराच्या फ्लॅग्समध्ये ‘एए’ आहे का बघा. असेल तर राजगड अधिकाराने बोलतोय, नाव खरंच झोनमध्ये नाही: टिंब, नाहीतर स्पेलिंग. नसेल तर राजगडला हा झोन आपला आहे हेच माहीत नाही आणि तो बाहेर विचारून आला. नेमड डॉट कॉन्फमधलं झोनचं नाव तपासा, आणि झोनची नोंद वेगळ्या फाइलमध्ये असेल तर ती इन्क्लूड केलीय का तेही.

सिरियलबद्दल थोडं. एकच सर्व्हर असेल तर सिरियल न वाढवल्याने नवी नोंद अडत नाही. फाइल बदललेली दिसली की रीलोडवर बाइंड ती वाचतो, फक्त सिरियल तोच असल्याची कुरकुर लॉगमध्ये करतो. झोनची प्रत ठेवणारा सेकंडरी सर्व्हर असेल तर मात्र सिरियल वाढल्याशिवाय तो नवं काही उचलणार नाही. वाढवायची सवय चांगलीच, पण एकट्या सर्व्हरच्या लॅबमध्ये ‘सिरियल वाढवला आणि चाललं’ असं झालं असेल तर चाललं ते रीलोडमुळे.

दुरुस्ती करूनही क्लायंट हटून बसला असेल तर ‘नाही’ हे उत्तरही कॅशमध्ये राहतं हे आठवा. किती वेळ ते झोन फाइलमधल्या एसओए या पहिल्या नोंदीच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. डेबियन-उबुंटूच्या नमुना फाइलमध्ये तो ६०४८०० आहे, म्हणजे आठवडा, आणि लोक तीच फाइल कॉपी करतात. लॅबपुरता ६० करा. लगेच मोकळं व्हायचं असेल तर उबुंटूवर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’, विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’.

आणि हो, सिस्टमसीटीएल एनेबल. स्टार्ट केलं म्हणजे आत्ता चालू, एनेबल केलं म्हणजे बूटलाही चालू. उबुंटूवर ‘एनेबल बाइंड९’ दिलं तर ते टोपणनाव असल्याचं सांगून नकार मिळतो. तिथेही सर्व्हिसचं नाव नेमडच.

सेव्ह केलेली व्हीएम आणि मागे पडलेलं घड्याळ

खऱ्या मशीनवर सहसा न दिसणारं, फक्त व्हीएमवाल्यांच्या नशिबी येणारं दुखणं. व्हीएम शटडाउन न करता ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवली, काही दिवसांनी उघडली. गड.टेस्टची नावं मिळतात, बाहेरचं एकही नाव मिळत नाही, सगळं सर्व्हफेल. फॉरवर्डर बदलून बघितला, तरी तेच.

‘टाइमडेटसीटीएल’ मारा. व्हर्च्युअलबॉक्सचं व्हीएमच्या आत बसवायचं सॉफ्टवेअर, गेस्ट अ‍ॅडिशन्स, नसेल तर घड्याळ झोपलं त्या दिवसावरच असतं. बाइंड बाहेरची उत्तरं डीएनएससेकच्या (उत्तर खरं असल्याची खूण देणाऱ्या पद्धतीच्या) सह्या तपासून घेतो, आणि सहीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. राजगडच्या मते आज मागचा आठवडा, त्यामुळे सहीची मुदत अजून सुरूच झालेली नाही. लॉगमध्ये तसं लिहिलेलंही असतं. खात्री करायची असेल तर डिगला ‘प्लस सीडी’ लावा, म्हणजे तपासणी वगळून विचारा. तसं केल्यावर उत्तर आलं तर घड्याळच. आपला झोन राजगडच्या स्वतःच्या फाइलमधून येतो, त्याला सही तपासावी लागत नाही, म्हणून तो शाबूत.

घड्याळ जुळवणारी सर्व्हिस क्रोनी चालू असूनही हे होतं, कारण रॉकीच्या डिफॉल्ट कॉन्फिगरेशनमध्ये तो घड्याळाला उडी फक्त पहिल्या तीन अपडेटमध्ये मारू देतो. त्यानंतर हळूहळू सरकवतो, आणि आठवड्याचा फरक हळूहळू सरकवायला अख्खा उन्हाळा जाईल. ‘क्रोनीसी मेकस्टेप’ द्या, मग बाइंडची कॅश पुसायला ‘आरएनडीसी फ्लश’. डीएनएससेक व्हॅलिडेशन बंद करून हे ‘सोडवलेले’ सर्व्हर मी पाहिले आहेत. घड्याळ तिथे तसंच मागे राहतं आणि पुढे एखादी एचटीटीपीएस साइट सर्टिफिकेटवरून अडते.

क्लोन

राजगडची क्लोन करून तोरणा बनवली असेल आणि पत्ते डीएचसीपीचे असतील, तर दोघींना एकच पत्ता मिळू शकतो. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक) वेगळे असूनही. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीला ओळख म्हणून मॅक देत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेला आकडा देतो, आणि क्लोनमध्ये तो आयडी जसाच्या तसा येतो. लक्षण असं की डिग एकदा चालतं, एकदा टाइमआउट होतं. होस्टवरची एआरपी यादी (कोणत्या पत्त्यामागे कोणता मॅक) थोड्या थोड्या वेळाने बघितली तर एकाच पत्त्यासमोरचा मॅक बदलताना दिसतो. नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक करा, किंवा क्लोनवरची मशीन-आयडीची फाइल रिकामी करून रीबूट करा, नवा आयडी बनतो.

विंडोजवरचा ‘अननोन’

विंडोज क्लायंटवर एनएसलुकअप उघडलं की पहिल्याच ओळीत ‘डिफॉल्ट सर्व्हर: अननोन’ येतं आणि निम्मे लोक तिथेच हाय खातात. खाली पत्ता १९२.१६८.५६.१० बरोबर दिसत असेल तर काही बिघडलेलं नाही. एनएसलुकअप सुरू होताना सर्व्हरच्या पत्त्यावरून त्याचं नाव उलट शोधतं, आणि तुम्ही रिव्हर्स झोन केलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ५६.१६८.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा असा झोन करा, त्यात १० समोर पीटीआर (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) राजगड.गड.टेस्ट लिहा, शेवटच्या टिंबासकट. टिंब विसरलात तर अननोन जाईल आणि त्याजागी राजगड.गड.टेस्ट.५६.१६८.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा असं लांबलचक नाव येईल.